आप्तवाक्य आणि तळटीप : मुक्त ज्ञानकोशातील प्रामाण्याचा एक विचार

ज्ञानकोशातील नोंद हा एक वाङ्मयप्रकार मानावा काय, हा प्रश्न आपल्या समीक्षेत सहसा विचारला जात नाही. नोंदीला लेखक असतो, पण शैली नसते. आणि शैली जाणवलीच तर तो संपादनातील दोष होय, अशी समजूत आपण धरून चालतो. विकिपीडियासारख्या मुक्त ज्ञानकोशाने या समजुतीतील लेखकही काढून घेतला. इंग्रजीत १५ जानेवारी २००१ रोजी आणि मराठीत १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या प्रकल्पात नोंदीखाली कोणाचेही नाव नसते. मराठी विश्वकोशातील नोंदीच्या अखेरीस लेखकाचे नाव येते, आणि जाणता वाचक ते नाव पाहून मजकुराचे वजन ठरवितो. येथे नोंदीचा 'इतिहास' तेवढा साठविलेला असतो. तो उघडला तर टोपणनावांची आणि आकड्यांची एक लांबलचक रांग दिसते. हे लेखन कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळते, पण तो प्रश्न कोणी विचारीत नाही. नोंदीला अधिकार येतो तो ओळीच्या टोकाशी बसलेल्या एका लहानशा आकड्यातून, आणि जेथे तो नसतो तेथे 'संदर्भ हवा' अशी पाटी लागते.

या आकड्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तो नवागताच्या बाजूने केला आहे, कारण नियम हा पाळणाऱ्यापेक्षा तो नकळत मोडणाऱ्याला अधिक स्पष्ट दिसतो. त्यासाठी थोडे व्यक्तिगत लिहिणे अपरिहार्य आहे.

आमच्या तालुक्यातील एक भारूडकार काही वर्षांपूर्वी वारले. अशाच एका मुक्त ज्ञानकोशावर त्यांच्याविषयी दोन परिच्छेदांची नोंद होती आणि तिला आधार होता एका दैनिकातील मृत्युवार्तेचा. भारुडाचा वारसा त्यांना वडिलांकडून मिळाला, असे त्या वार्तेत होते आणि म्हणून नोंदीतही होते. वस्तुतः त्यांचे वडील गात नसत. भारुडे आपण शेजारच्या एका विधवा बाईकडून, तिच्या जात्यापाशी बसून शिकलो, हे त्यांनी मला अनेकदा सांगितले होते. बाईचे नाव सांगताना ते हात जोडीत. मी नोंदीतील वाक्य बदलले. काही तासांतच जुने वाक्य परत आले आणि माझ्या चर्चापानावर एक सौम्य निरोप उमटला : माहिती खरीही असेल, परंतु ती कोठे प्रसिद्ध झाली आहे? त्यांनी स्वतः मला सांगितले, असे मी कळविले. त्यावर उत्तर आले की, त्यांनी आपणांस सांगितले हे वाचकाने कसे तपासावे?

हा प्रश्न उद्धट नव्हता. तो मला निरुत्तर करणारा होता, आणि आजही त्यास माझ्यापाशी समाधानकारक उत्तर नाही. माझा राग होता तो निराळ्या गोष्टीचा. बातमीदाराने बहुधा घाईत कोणा नातलगास विचारले असेल. त्याचे ऐकणे छापले गेले म्हणून ते साधन झाले. माझे ऐकणे न छापलेले म्हणून ते काहीच झाले नाही. आणि या दोहोंच्या मधून एक बाई नोंदीबाहेर राहिली.

•

नियम काय आहे ते आधी नीट पाहिले पाहिजे, कारण त्याची चेष्टा करणे सोपे आहे. विकिपीडियाच्या आशयविषयक धोरणांचे तीन खांब आहेत : तटस्थ दृष्टिकोन, पडताळणीयोग्यता आणि मूळ संशोधनास मज्जाव. यांपैकी पडताळणीयोग्यतेच्या इंग्रजी धोरणाच्या आरंभीच, मजकुराच्या प्रवेशाची कसोटी सत्य ही नसून पडताळणीयोग्यता ही आहे, अशा आशयाचे प्रसिद्ध विधान अनेक वर्षे होते. पुष्कळ वादानंतर २०१२ मध्ये ते तेथून हलविण्यात आले. शब्द हलले, व्यवहार मात्र फारसा हलला नाही.

या व्यवहाराचे वर्णन करण्यास आपली प्रमाणमीमांसा आश्चर्य वाटावे इतकी उपयोगी पडते. नैयायिक चार प्रमाणे मानतात : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. मुक्त ज्ञानकोश संपादकाला त्यांपैकी शब्द हे एकच प्रमाण वापरू देतो. प्रत्यक्ष वर्ज्य आहे : मी पाहिले, मी ऐकले, मी अंत्ययात्रेत होतो, ही विधाने तेथे विधानेच नव्हेत. अनुमानही वर्ज्य आहे, आणि हा भाग नवागताला सर्वांत उशिरा कळतो. एका ग्रंथात 'अ' आहे, दुसऱ्यात 'ब' आहे, आणि दोन्ही मिळून 'क' निष्पन्न होते. तरीही 'क' हे तिसऱ्या कोणी छापून ठेवलेले नसेल तर ते लिहिता येत नाही. साधी बेरीज-वजाबाकी तेवढी चालते. धूर दिसला तर धूर आहे असे लिहावे, आणि अग्नीसाठी दुय्यम साधनाची वाट पाहावी!

मात्र येथील 'शब्द' हा नैयायिकांचा शब्द नव्हे. त्यांच्या मते आप्ताचा उपदेश म्हणजे शब्दप्रमाण, आणि आप्त म्हणजे ज्याला वस्तूचे यथार्थ ज्ञान आहे आणि ते जसेच्या तसे सांगण्याची ज्याची इच्छा आहे असा मनुष्य. वात्स्यायनाने हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही समान लागू केले आहे. आप्तत्व हा तेथे माणसाचा गुण आहे, आणि तो कोणत्याही कुळातील माणसात असू शकतो. मुक्त ज्ञानकोशात आप्तत्व हा प्रकाशनाचा गुण झाला आहे. संपादकमंडळ आहे काय, तथ्ये तपासण्याची रीत आहे काय, लेखक आणि प्रकाशक एकच तर नाहीत ना, हे प्रश्न तेथे विचारले जातात. जाते ओढणारी बाई वात्स्यायनाच्या व्याख्येत बसते; या नियमात बसत नाही. उलट, सही नसलेल्या नोंदीचे मीमांसकांच्या अपौरुषेयत्वाशी एक दूरचे नाते लागते. कर्ता नाही म्हणून कर्त्याचे दोष नाहीत, हा युक्तिवाद दोन्हीकडे आहे. फरक इतकाच की, वेदाचे प्रामाण्य स्वतः आहे आणि नोंदीचे परतः.

येथे एक विषयांतर. मूळात नसलेले काही लिहिणार नाही आणि अनपेक्षित काही सांगणार नाही, ही मल्लिनाथाची प्रतिज्ञा आपण विद्यार्थ्यांना सांगतो. तो उत्तम विकिपीडिया-सदस्य झाला असता. परंतु ज्यांनी मराठीत साधननिष्ठा रुजविली त्यांचे काय? 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढणारे राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करीत आणि बखरींवर अविश्वास दाखवीत. पण त्या दप्तरांवर त्यांनी ज्या प्रस्तावना रचल्या त्या अस्सल मूळ संशोधनाच्या आहेत. केतकरांनी तर ज्ञानकोशाचे पहिले पाच खंड प्रस्तावनाखंड म्हणून खर्ची घातले. हे दोघे आज नवागत म्हणून आले असते तर त्यांचे लेखन तासाभरात उलटविले गेले असते, आणि त्यांनी चर्चापानावर काय लिहिले असते याची कल्पना करवत नाही.

नियमाची बाजू मात्र भक्कम आहे. मे २००५ मध्ये अमेरिकेतील ज्येष्ठ पत्रकार जॉन सायगेन्थेलर यांच्या नोंदीत कोणी अनामिकाने केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध जोडणारा मजकूर घातला आणि तो सुमारे चार महिने तेथेच राहिला. जेथे कोणीही लिहू शकतो तेथे 'मला ठाऊक आहे' या वाक्याला किंमत देता येत नाही, कारण ते वाक्य जाणता आणि निंदक सारख्याच आत्मविश्वासाने उच्चारतो. माझा अनुभव नाकारणाऱ्या त्या सदस्याने स्वतःच्या अनुभवालाही तोच नियम लावला असता. विद्यापीठीय वर्तुळात सवयीचा झालेला अधिकारभेद येथे निदान तत्त्वतः नाही. मी प्राध्यापक आहे, हे सांगण्याचा मोह मला एकदा झाला होता. तो आवरला, हे बरे झाले.

•

लेखकाच्या अधिकाराविषयी आपण वाङ्मयाचे अभ्यासक अर्धशतकाहून अधिक काळ जे बोलत आलो आहोत ते या ठिकाणी एका कारकुनी प्रसंगातून कसोटीला लागले. फिलिप रॉथ यांची 'द ह्यूमन स्टेन' ही कादंबरी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक कोलमन सिल्क हा वंशाने कृष्णवर्णी असूनही आयुष्यभर गोरा म्हणून वावरलेला प्राध्यापक आहे. समीक्षक अनातोल ब्रोयार्ड यांच्या जीवनाशी असलेले त्याचे साम्य अनेक परीक्षणकारांनी दाखविले आणि विकिपीडियाच्या नोंदीत ते आले. रॉथ यांच्या मते हे साफ चुकीचे होते. कादंबरीचे बीज त्यांचे मित्र, प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ मेल्विन ट्यूमिन यांच्यावर १९८५ मध्ये ओढवलेल्या एका प्रसंगात होते. त्यांनी दुरुस्ती मागितली. लेखक हा आपल्या कृतीविषयी मोठा अधिकारी खरा, तथापि दुय्यम साधने हवीत, असे उत्तर त्यांच्या मध्यस्थास मिळाले. तेव्हा रॉथ यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये 'द न्यू यॉर्कर'च्या संकेतस्थळावर विकिपीडियाला उद्देशून एक दीर्घ अनावृत पत्र लिहिले. ते प्रसिद्ध होताच त्याचा संदर्भ देता येऊ लागला, आणि नोंदीत रॉथ यांचे म्हणणे आले.

या घटनेकडे 'लेखकाच्या मृत्यू'चा विनोदी पुरावा म्हणून पाहण्याची प्रथा पडली आहे. विम्सॅट आणि बियर्ड्‌स्ली यांनी १९४६ मध्ये लेखकाच्या हेतूला समीक्षेच्या दरबारातून रजा दिली. रोलां बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाचा मृत्युलेखच लिहिला. आणि आता एका स्वयंसेवकाने तो अमलात आणला, असा हा विनोद आहे. परंतु तो बारकाईने पाहता टिकत नाही. बार्थ यांना लेखक नको होता, कारण तो संहितेच्या अर्थाला कुंपण घालतो. स्वयंसेवकाला लेखक चालत होता. अप्रकाशित लेखक तेवढा चालत नव्हता. तोच मनुष्य, तेच विधान, सांगण्याची तीच इच्छा. फक्त मध्ये एक संपादक आणि एक नियतकालिक आले, आणि विधानाची जात बदलली. हा लेखकाचा मृत्यू नव्हे. हा लेखकाचा उपनयनसंस्कार आहे.

दुसरीही एक गोष्ट या प्रकरणात सहसा निसटते. रॉथ यांचा आक्षेप मान्य केला तरी परीक्षणकारांनी ब्रोयार्डचे नाव घेतले होते, हे तथ्य उरतेच. कादंबरी कशातून उगवली आणि ती कशी वाचली गेली, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा निर्णय करण्याचा अधिकार लेखकाला नाही. नोंदीने अखेर दोन्ही ठेवल्या. नियम येथे आपल्या कित्येक समीक्षकांपेक्षा अधिक विवेकी ठरला, हे कबूल केले पाहिजे. ग्रंथकर्त्याच्या एखाद्या मुलाखतीतील वाक्यावर आख्खा प्रबंध उभारणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना (आणि त्यांच्या मार्गदर्शकांना) यातून काही घेता येईल.

•

रॉथ यांच्याकडे सत्य होते आणि तळटीप नव्हती. याच्या नेमके उलट उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर 'डिचोली संघर्ष' या अर्थाच्या शीर्षकाची एक प्रदीर्घ नोंद आली. १६४० ते १६४१ या काळात गोव्यातील पोर्तुगीज आणि मराठे यांच्यात डिचोली परिसरात झालेल्या युद्धाची ती हकीकत होती. तिला व्यवस्थित विभाग होते, तटस्थ भाषा होती आणि तळटिपांचा भरगच्च संभार होता. त्याच वर्षी तिला 'चांगला लेख' असा दर्जा मिळाला, आणि पाच वर्षे तो टिकला. डिसेंबर २०१२ च्या अखेरीस एका सदस्याने तळटिपांतील ग्रंथ शोधण्याचा प्रयत्न केला तेव्हा ते ग्रंथ कोठेच नाहीत असे आढळले. युद्धही झालेले नव्हते. नोंद काढून टाकण्यात आली.

मराठी वाचकाला येथे ग्रंथालयात जाण्याचीही गरज नाही. १६४० मध्ये शिवाजीमहाराज दहा वर्षांचे होते आणि डिचोली आदिलशाहीत होती. पोर्तुगीजांशी लढणारे मराठी राज्य अजून उभे राहायचे होते. शाळकरी मुलाला कळावे असे हे कालविपर्यासाचे उदाहरण आहे. तरीही पाच वर्षे ते कोणाच्या नजरेस आले नाही, कारण नोंद वाचणाऱ्यांनी ती इतिहास म्हणून वाचली नव्हती. तळटिपांची रचना म्हणून वाचली होती. आकडा आहे, ग्रंथनाम आहे, पृष्ठांक आहे, म्हणजे आधार आहे. चिन्हमीमांसेच्या भाषेत सांगावयाचे तर तळटीप ही येथे निर्देश करीत नव्हती, ती निर्देशाचा अभिनय करीत होती. बोर्हेस यांनी १९४० मधील एका कथेत अस्तित्वात नसलेल्या प्रदेशाची नोंद एका ज्ञानकोशाच्या एकाच प्रतीत आणून ठेवली होती. त्यांच्या कथेतील शंका वाचकाला पहिल्या पानावर येते. येथे ती यायला पाच वर्षे लागली.

यापेक्षाही सूक्ष्म एक प्रकार आहे. २००८ मध्ये एका अमेरिकी विद्यार्थ्याने कोआटी या प्राण्याच्या नोंदीत 'ब्राझिलियन आर्डव्हार्क' हे स्वतःच रचलेले टोपणनाव गंमत म्हणून घातले. पुढे ते वृत्तपत्रांनी उचलले, आणि मग त्याच वृत्तपत्राचा संदर्भ नोंदीतील त्या नावाला आधार म्हणून जोडला गेला. डिचोलीच्या नोंदीतील ग्रंथ खोटे होते. येथे तळटीप खरी आहे, वृत्तपत्र खरे आहे, ते वाक्यही त्यात खरोखरच आहे. नैयायिक याला अन्योन्याश्रय म्हणतील. वरवर पाहता नियमाची कोणतीही अट येथे मोडलेली दिसत नाही, हेच यातील भयावह आहे.

•

तेव्हा प्रश्न खऱ्याखोट्याचा जितका आहे तितकाच तो कोणाचे बोलणे साधन होऊ शकते याचा आहे. हा प्रश्न त्या चळवळीच्या आतूनही विचारला गेला. २०११ मध्ये अचल प्रभला यांनी विकिमीडिया प्रतिष्ठानच्या साह्याने भारत आणि दक्षिण आफ्रिकेत मौखिक संदर्भांचा एक प्रयोग केला. मलयाळम, हिंदी आणि उत्तर सोथो या भाषांतील जाणकारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्यांचाच आधार नोंदींना द्यावा, अशी ती कल्पना होती. ज्या भाषांत छापील साधने तोकडी आहेत त्यांच्या ज्ञानाला छापाची अट घालणे म्हणजे ते ज्ञानच नाकारणे होय, हा त्यामागील युक्तिवाद बिनतोड होता. आक्षेपही तितकाच उघड होता : मुलाखत घेणारा, निवडणारा आणि नोंद लिहिणारा एकच असेल तर ते मूळ संशोधन झाले. हा प्रयोग सर्वमान्य रीत होऊ शकला नाही.

मराठीत या प्रश्नाची दोन दृष्टान्तस्थळे आहेत. हेमा राइरकर आणि गी प्वातवँ यांनी उभारलेल्या प्रकल्पात खेड्यापाड्यांतील बायकांच्या सुमारे एक लाख ओव्या जमा झाल्या, आणि २०१७ मध्ये 'पारी' या संकेतस्थळाने त्या प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. जात्यावर गायलेली ओवी तिच्या गावी निराधार होती. संकेतस्थळावर आल्यावर ती उद्धृत करता येते. मधल्या काळात ओवीत काही बदललेले नाही. येथे निदान एक फार चांगली गोष्ट घडली : ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गावही नोंदले गेले.

दुसरे उदाहरण अधिक मोलाचे वाटते. लीळाचरित्र हा मराठी गद्याच्या आरंभीचा ग्रंथ, आणि तो साक्षींवर उभा आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा नागदेवाचार्यांकडून आणि त्या त्या प्रसंगी हजर असलेल्यांकडून विचारून घेतल्या. पुढे मूळ प्रत हरवल्यावर अनुयायांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला, तेव्हा कोणाचा पाठ कोणता हे नावानिशी सांगितले गेले. हिराइसेचा पाठ हा हिराइसेचा म्हणूनच टिकला. दोन साक्षी जुळल्या नाहीत तर एक खोडण्याऐवजी दोन्ही ठेवाव्यात आणि प्रत्येकीशी माणसाचे नाव बांधावे, ही पद्धत छापखान्याच्या कित्येक शतके आधीची आहे. तिला पडताळणी नसेल म्हणता येत. तिला उत्तरदायित्व नाही असे म्हणता येणार नाही. आणि येथे वात्स्यायनाचा आप्त, मग तो पुरुष असो की स्त्री, पुन्हा माणूस म्हणून उभा राहतो.

या संदर्भात माझ्या प्रकरणाचा शेवट सांगितला पाहिजे. मी त्या भारूडकारांवर एका लहान नियतकालिकात आठवणींचा लेख लिहिला. संपादकांनी दोन शब्द बदलले आणि तो छापला. काही महिन्यांनी कोणा अपरिचित सदस्याने तो लेख वाचून नोंदीत बाईचे नाव घातले, पुढे आकडा दिला. ते वाक्य आज तेथे आहे. त्या लेखातील माझे विधान चर्चापानावरील विधानापेक्षा तसूभरही अधिक खरे नव्हते. मी खोटे लिहिले असते तरी ते तसेच छापले गेले असते.

पण खोटे नसले तरी एक गोष्ट मी केली होती, आणि ती लेख छापून आल्यावरच लक्षात आली. ते ज्या अनेक प्रसंगी ही हकीकत सांगत त्यांपैकी दोन वेळा त्यांनी त्या बाईचे नाव निराळे घेतले होते. एकदा ती शेजारीण होती, एकदा दूरची आत्या. दोघी निराळ्या होत्या की एकीचीच माहेरची आणि सासरची नावे होती, हे मी विचारले नाही. ऐकणाऱ्याला त्याची निकड नव्हती. लेखात मात्र एक नाव हवे होते, कारण लेखाचा आधार घेतला जाणार हे मला ठाऊक होते. तळटीप येण्याआधीच मी तळटिपेसाठी लिहीत होतो. जे नाव अधिक वेळा ऐकले होते ते मी ठेवले.

आता दुसऱ्या नावासंबंधी मी चर्चापानावर एक टीप लिहून ठेवली आहे. तिच्याखाली त्याच जुन्या सदस्याचा निरोप आहे. आपला आधीचा प्रकाशित लेख याच्याशी विसंगत आहे, तरी कृपया संदर्भ द्यावा, असे त्याने लिहिले आहे.